विळ्याला व सुरीला घरच्या घरी धार लावणे

तीक्ष्ण विळ्याने हात कापेल, या भीतीने नवशिका धार लावण्याच्या वाटेस जात नाही. प्रत्यक्षात बोथट विळा अधिक घातक असतो. त्याने घास कापताना जोर करावा लागतो, पाते देठावरून निसटते आणि मूठ धरलेल्या डाव्या हातावर येते. हे काम बहुधा स्त्रियांकडे असते. बोटाला खोल जखम झाली की चार दिवसांचा रोज बुडतो, शिवाय धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा लागतो. पिकाचेही नुकसान होते. लसूणघासाची नवी फूट जमिनीलगतच्या बुडख्यातून येते. बोथट पाते हा बुडखा चेचते व ओढते, आणि पुढची कापणी लांबते.

सावेडी हे एके काळी अहमदनगर शहराबाहेरचे शेतीचे गाव होते. आज ते अहिल्यानगरचे दाट वस्तीचे उपनगर आहे. तेथे घरात विळी व सुरी, आणि शहराबाहेरच्या मळ्यांत विळा व खुरपे ही हत्यारे रोज लागतात. धार लावणारा कारागीर मात्र येईल तेव्हा येतो. त्याच्या चाकाविषयी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पात्याची पातळ कड क्षणात तापते. साध्या पोलादावर निळी छटा उमटली, तर तेथील उष्णता सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत गेली असे समजावे. लोहाराने दिलेले पाणी त्या जागी उतरते, पोलाद मऊ पडते आणि नवी धार टिकत नाही. ओल्या दगडावर हाताने घासताना हा धोका नाही.

विहिरीच्या काठच्या काळ्या दगडावर विळे घासण्याची रीत जुनी आहे. हा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यातील मुख्य खनिजांचे काठिण्य मोह्सच्या १ ते १० या मापावर ६ च्या आसपास, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाच्या जवळपास असते. त्यामुळे काम होते, पण रेंगाळत. कुरुंदाचे काठिण्य ९ असते व कार्बोरंडमचे त्याहून थोडे अधिक. एक बाजू जाड व दुसरी बारीक कणांची असलेला कार्बोरंडमचा दगड नवशिक्यास पुरेसा आहे.

आरंभ सुरीपासून करावा, कारण तिची धार बरीचशी सरळ असते. दगड दहा मिनिटे पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. पाते ३ सेंमी रुंद असल्यास त्याची पाठ दगडापासून सुमारे १ सेंमी उचलावी. यामुळे २० अंशांचा कोन साधतो. हा कोन शेवटपर्यंत बदलू नये. तो बदलतो की काय, हे पाहण्यासाठी धारेच्या उतारावर काजळाचे बोट फिरवावे व दोन-तीन हात मारून पाहावे. काजळ धारेपर्यंत निघाले तर कोन बरोबर आहे. फक्त वरच्या अंगाचे निघाले तर पाठ थोडी उचलावी.

जाड बाजूवर एकाच अंगाने घासत राहावे. काही वेळाने दुसऱ्या अंगास, धारेच्या कडेला, अतिशय बारीक खरखरीत कड वळून येते. बोट पाठीकडून धारेबाहेर हलकेच नेल्यास ती लागते. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. मुठीपासून टोकापर्यंत ही कड आल्याशिवाय पाते पालटू नये. नवशिक्यांचे श्रम वाया जातात ते बहुतेक येथेच. चार हात इकडे, चार हात तिकडे असे घासल्याने पाते चकाकते, पण धार येत नाही. दुसऱ्या अंगासही तसेच करून मग बारीक बाजूवर दाब कमी करीत आळीपाळीने घासावे, म्हणजे ती कड गळून जाते.

विळ्याची धार आतून वळलेली असल्याने तो सपाट दगडावर टेकत नाही. तेथे विळा स्थिर ठेवून लहान, अरुंद दगड फिरवावा. विळ्याची पाठ ओंडक्यावर टेकवावी, मूठ घट्ट धरावी आणि दगड मुठीकडून टोकाकडे न्यावा. दगड धरणारी बोटे त्याच्या कडेखाली येऊ देऊ नयेत. विळीलाही हीच रीत लागू आहे. उतार एकाच अंगास असेल तर त्याच अंगाने घासावे व दुसरीकडे वळलेली कड दगड सपाट धरून केवळ पुसून काढावी. दातेरी विळ्यास मात्र असा दगड लावू नये. दाते झिजून जातात.

धार उजेडात धरून पाहावी. बोथट राहिलेल्या जागी पांढरी रेघ चकाकते. तीक्ष्ण धारेवर उजेड टेकत नाही. काम झाल्यावर पाते कोरडे पुसून त्यास खोबरेलाचा हात द्यावा. करडईचे तेल वाळून चिकट होते, म्हणून ते टाळावे. विळा खोचून ठेवताना धार भिंतीकडे करावी आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी उंची पाहावी.