एक लेसर, दोन कामे

संगणकात गाण्यांची सीडी घातली, तिच्यावरचे दुसरे गाणे ऐकायला लावले आणि त्याच वेळी सातवे गाणे संगणकात उतरवून घेतले, तरी ऐकू येणारे सूर तुटत नाहीत. तबकडी एक, ती वाचणारा लेसर किरणही एकच. मग तो एकाच वेळी दोन ठिकाणी कसा असतो?

खरे म्हणजे तो दोन ठिकाणी नसतोच! थोडा हिशेब करू या. सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांच्या रूपात नोंदलेली असते. प्रत्येक नोंदीला २ बाइट, आणि डावा व उजवा असे २ आवाज. म्हणजे एका सेकंदाच्या संगीताला १,७६,४०० बाइट झाले. कानाला एवढाच पुरवठा लागतो. संगणक मात्र तबकडी याहून कितीतरी जलद वाचू शकतो. समजा, हा वेग दहापट आहे. मग १० सेकंदांचे संगीत १ सेकंदात वाचून होईल.

वाचलेले आकडे संगणकाच्या स्मृतीतील एका राखीव भागात साठवतात. त्याला 'बफर' म्हणतात. नळाला पाणी तासभरच येते, पण गच्चीवरची टाकी भरून ठेवली की दिवसभर पुरते, तसेच हे. बफर भरला की १० सेकंदांची निश्चिंती! उरलेल्या ९ सेकंदांत लेसर सातव्या गाण्याकडे सरकतो, त्याचा काही भाग वाचतो आणि बफर रिकामा होण्यापूर्वी परत येतो. या ये-जा करण्यातही थोडा वेळ जातो. म्हणून प्रत्येक खेपेला बराच मजकूर एकदम वाचून घेणे फायद्याचे ठरते.

येथे एक अडचण येते. गाण्यांच्या सीडीवर नेमकी जागा दाखवणाऱ्या खुणा फारशा काटेकोर नसतात. त्यामुळे परत आलेला लेसर किंचित मागेपुढे उतरला, तर नकलेत 'टक्' असा आवाज राहून जातो. यावर उपाय म्हणून चांगले प्रोग्रॅम आधी वाचलेला थोडा भाग पुन्हा वाचतात, जुने आणि नवे आकडे जुळवून पाहतात आणि मगच पुढचा तुकडा जोडतात.

आज अनेक नव्या संगणकांत सीडीची सोय नसते. पण मोबाइलवर इंटरनेटवरून गाणे ऐकताना संपर्क क्षणभर तुटला तरी गाणे चालू राहते, ते अशाच बफरमुळे.

आता एक प्रश्न. तबकडी केवळ एकपट वेगानेच वाचता आली असती, तर ही दोन कामे एकदम साधली असती का? वही-पेन्सिल घ्या आणि हिशेब करून पाहा!