मरळ मासा धरण्यासाठी आवाज न करणारी वेणीची दोरी कशी निवडावी?

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, चिचगडच्या आसपास, भाताची बांधी आणि तलाव-बोडी ही जोडी पूर्वापार चालत आलेली आहे. जुन्या जमीनदार-मालगुजारांच्या काळात बांधलेले हे तलाव १९५१ साली मालगुजारी रद्द झाल्यावर शासनाकडे आले. त्यांतील पाणी भातास मिळते, शिंगाडा होतो आणि मासळीही मिळते. या मासळीत मरळ मासा चवीने व किमतीने वरच्या दर्जाचा मानला जातो. कमळ, देवधान व बेशरमीच्या झुडपांत दडून बसणारा हा मासा जाळ्यात सहजासहजी सापडत नाही. त्यामुळे त्यासाठी गळ टाकण्याची आवड तरुण शेतकऱ्यांत वाढत आहे.

बाजारात आता चकरीच्या काठ्या व वेणीची दोरी मिळू लागली आहे. ही दोरी कड्यांतून जाताना करकरते व मासा बुजतो, अशी तक्रार या भागातील शेतकरी बंधूंकडून ऐकू येते. अमेरिकेत बास नावाचा मासा धरणारेही हाच प्रश्न विचारतात. बास आपल्या बोड्यांत नाही. परंतु वनस्पतींत दबा धरून भक्ष्यावर झडप घालण्याची त्याची रीत मरळासारखीच असल्याने त्या अनुभवाचा येथे उपयोग होतो.

वेणीची दोरी म्हणजे काय?

तंगूस हा नायलॉनचा एकच अखंड, गुळगुळीत धागा असतो. वेणीची दोरी मात्र अनेक बारीक पेड एकमेकांत गुंफून तयार होते. पूर्वी अशी दोरी सूत किंवा रेशमाची असे; आजची दोरी अतिशय चिवट अशा पॉलिएथिलीन तंतूंची असते. तिचे तीन गुण ध्यानात ठेवावेत. एक, सारख्याच जाडीच्या तंगुसापेक्षा ती पुष्कळ अधिक ओझे पेलते. दोन, ती जवळजवळ ताणली जात नाही. म्हणून झटका देताच गळ माशाच्या टणक जबड्यात शिरतो. तीन, ती पाण्याहून किंचित हलकी असल्याने तरंगते व पाण्यावरून ओढावयाच्या आमिषास सोयीची पडते.

आवाज का होतो?

पेड एकमेकांवरून गेल्यामुळे दोरीच्या अंगावर बारीक उंचवटे पडतात. दोरी वेगाने ओढली की प्रत्येक उंचवटा काठीच्या कड्यावर आपटतो आणि त्यातून करकर निर्माण होते. पेड जितके जाड व वीण जितकी सैल, तितका आवाज मोठा. चार पेडांची दोरी बहुधा चपटी व खरबरीत असते. आठ पेडांची गोल व मऊ असते. कडे झिजून त्यास खाच पडली असेल, तर चांगली दोरीही आवाज करते.

मासा हा आवाज ऐकतो काय?

हवेतील आवाजाचा फारच थोडा अंश पाण्यात शिरतो. बाकीचा पृष्ठभागावरूनच परत फिरतो. म्हणून आपल्या कानास येणारी करकर माशापर्यंत तशीच पोहोचते, असे नाही. परंतु काठीची थरथर ताणलेल्या दोरीतून आमिषापर्यंत उतरू शकते. माशाच्या दोन्ही अंगांवर पार्श्वरेषा नावाचे इंद्रिय असते. त्याने त्यास पाण्यातील मंद कंपने कळतात. म्हणून शांत दोरीचा लाभ संथ, उथळ बोडीत व हळू ओढण्याच्या वेळी अधिक मिळतो. मात्र बांधावर पाय आपटणे किंवा डोंग्याच्या तळाशी काठी टाकणे यांची कंपने दोरीच्या करकरीहून कितीतरी मोठी असतात. प्रथम पावले हलकी करावीत. मग दोरीवर खर्च करावा.

निवड कशी करावी?

(१) साध्या बांबूच्या काठीने गळ टाकणाऱ्यांस कड्यांचा प्रश्नच नाही. त्यांनी महाग दोरी घेऊ नये. तंगूस पुरेसा आहे.

(२) चकरीची काठी असल्यास व पाणी मोकळे असल्यास आठ पेडांची, घट्ट विणीची दोरी घ्यावी.

(३) खुंट, दगड व दाट झुडपे असल्यास चार पेडांची दोरी पसंत करावी. तिचे पेड जाड असल्याने घासणे अधिक सोसतात. येथे थोडा आवाज पत्करणे शहाणपणाचे.

(४) वनस्पतींतून मरळ ओढून काढण्यासाठी सुमारे १५ ते २० किलो ओझे पेलणारी दोरी पुरते. त्याहून जाड दोरी अधिक करकरते व जवळ पडते.

(५) दुकानातच परीक्षा करावी. हातभर दोरी काचेच्या बांगडीतून ताणून ओढावी व कानाजवळ ऐकावे. नंतर अंगठ्याच्या नखावरून फिरवावी. नख अडखळले, तर वीण सैल समजावी. केवळ चकाकीवर भुलू नये. वरचा लेप काही दिवसांत झिजतो.

वापर व निगा

चकरीवर प्रथम तंगुसाचे काही वेढे घ्यावेत, नाहीतर वेणीची दोरी घसरते. गाठ मारताना दोरी दुहेरी घ्यावी व गाठ ओली करून आवळावी. चिखल कड्यांस घासतो, म्हणून दोरी गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावी. अडकलेली दोरी हाताभोवती गुंडाळून कधीही ओढू नये, ती बोट कापते. लाकडाच्या तुकड्यास वेढून ओढावी. जिवंत बेडूक आमिष म्हणून वापरू नये. तो भातावरील किडी खाणारा आपला मित्र आहे. रबरी बेडकाने काम भागते.

दोन पथ्ये

पावसाळ्यात मरळाची जोडी आपल्या पिलांच्या तांबूस घोळक्याची राखण करते. घोळक्याजवळ काहीही हालले की राखणदार मासा त्यावर तुटून पडतो. त्या वेळी तो धरण्यात कौशल्य नाही. तो गेला की पिले इतर माशांच्या तोंडी पडतात आणि पुढील वर्षाची मासळी बुडते. असा घोळका दिसताच गळ आवरावा.

दुसरे पथ्य दोरीच्या तुकड्यांविषयी. सुताची दोरी कुजून जात असे; ही दोरी वर्षानुवर्षे कुजत नाही. गोंदिया जिल्हा सारस पक्ष्याच्या महाराष्ट्रातील अखेरच्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. हा पक्षी आपल्याच बांध्यांत व तलावांत चरतो. पायात दोरी गुंतलेल्या पक्ष्यास उडता येत नाही, चरताही येत नाही. म्हणून तोडलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून घरी आणावा.

बहुतेक तलावांतील मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो व त्यावर ढिवर बंधूंची चूल चालते. त्यांची अनुमती घेऊनच काठी बाहेर काढावी. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकूच नये. दोरी शांत असावी हे खरे. पण तलाव नांदता राहिला तरच तिचा उपयोग.