विळीला तेल लावलंत का?

स्वयंपाकघरातला सुऱ्यांचा खण एकदा उघडून पाहा. चकचकीत, न गंजणाऱ्या तीन-चार सुऱ्या तरी निघतील आणि त्यांतल्या एकीनेही पिकलेला टोमॅटो धड चिरत नसेल. माळ्यावर मात्र गोणपाटात गुंडाळलेली, सासूबाईंच्या वेळची लोखंडी विळी पडलेली असेल. आपल्याकडे बोलताना इळी म्हणतात, ती. नव्या फ्लॅटमध्ये जाताना ती भंगारवाल्याला किलोवर घालायचा बेत घरात चालू असेल, तर मैत्रिणींनो, त्याआधी थोडं ऐका.

माझा पुतण्या कंपनीच्या कामासाठी जपानला जाऊन आला. येताना त्याने हाताने घडवलेली एक सुरी आणली. किंमत ऐकून जाऊबाई मटकन खालीच बसल्या! सुरीबरोबर सूचनांचा कागद होता. वापरली की लगेच धुवा, लगेच पुसा, ओली ठेवू नका, आंबट चिरल्यावर तशीच टाकू नका, तेलाचा हात फिरवून ठेवा. पुतण्या एकेक सूचना मराठीतून सांगत होता आणि सासूबाई पदराआड हसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आरं, ही तर आपली इळीच की! एवढ्यासाठी जपानला गेलता का रे?"

सासूबाईंचं म्हणणं खरंच आहे. ओसाकाजवळच्या साकाई शहरातल्या त्या नामांकित सुऱ्या काय, किंवा आपल्या घिसाड्याने ठोकून दिलेलं पातं काय, जात एकच, साधं पोलाद. लोखंडात थोडा कार्बन असला की ते पाणी दिल्यावर कडक होतं. जपानी सुरीत तो १ टक्का किंवा थोडा अधिक असतो. आपले घिसाडी गाड्यांच्या जुन्या पाट्यांपासून पाती करतात, त्यात साधारण अर्धा टक्का. म्हणून जपानी सुरीची धार जास्त तीक्ष्ण आणि जास्त दिवस टिकणारी, पण नाजूक. तिने गुळाची ढेप किंवा लाल भोपळ्याची टणक साल कापायला गेलात तर धारेचा टवका उडेल. आपली विळी असले प्रकार मुकाट्याने सोसते.

स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याचा अदृश्य थर हवा-पाण्यापासून बचाव करतो, म्हणून ते सहसा गंजत नाही. साध्या पोलादाला हे कवच नाही. त्याचं कवच म्हणजे आपला कोरडा फडका. बदल्यात ते दगडावर पटकन धार घेतं. स्वस्त स्टेनलेस सुरीला घरच्या घरी तशी धार लावून दाखवा बरं!

पोलादाची कीर्ती जपानकडेच आहे, असंही समजू नका. नांदेडला लागूनच तेलंगणातला निजामाबाद जिल्हा. तिथल्या कोनासमुद्रम गावी मुशीत पोलाद तयार होई आणि ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. व्हॉयसी नावाच्या इंग्रजाने हे पाहून लिहिलेलं टिपण १८३२ साली छापलं गेलं. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या तलवारी असल्याच पोलादाच्या. आजही नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात कृपाणांची, तलवारींची दुकानं आहेत. आणि रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेलं घिसाड्याचं कुटुंब तुम्ही पाहिलं असेलच. तो चिमट्यात तापलेलं लोखंड धरतो आणि त्याची बायको उभी राहून घण घालते. आपल्या विळीच्या पात्यावर निम्मे घाव बाईच्या हातचे असतात, हे मला तरी विसरता येत नाही. असं पातं रद्दीच्या भावात घालवायचं?

आता निगा. पहिला शत्रू पाणी. लातूरच्या मैत्रिणींना २०१६ चा उन्हाळा आठवत असेल, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तो. पाणी जपून वापरायचं म्हणून खरकटी भांडी साठवून एकदम घासायची सवय बऱ्याच घरांत आहे. त्या ढिगात विळी-सुरी टाकू नका. तिला वाटीभर पाणीही पुरतं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पुसणं आणखी महत्त्वाचं. भांडी घासायला मावशी येत असतील, तर पातं त्यांच्या हाती न देता आपणच पुसून ठेवावं; त्यांचा हातही वाचतो.

दुसरं तेल. आपल्या घरात करडईचं तेल असतं, पण ते पात्याला नको. हवेवर सुकून त्याचा चिकट थर बसतो. खोबरेल बोटावर घेऊन चोळा आणि जवळजवळ पुसून काढा, बस्स.

पातं काळसर, निळसर पडलं म्हणून रोज घासत बसू नका. कांदा, चिंच, कैरी यांनी चढणारा तो थर तांबेऱ्याला थोडा अडवतोच. घालवायचा तो लालसर गंज. बटाट्याची फोड बारीक राखेत बुडवून चोळा, धुवा, पुसा, तेल लावा. मीठ-लिंबू पितळेला ठीक. लोखंडावर मीठ राहिलं की पुन्हा गंज.

धारेचा दगड ओला करून पात्याला जवळजवळ टेकवून, एकाच तिरक्या कलाने, दोन्ही बाजूंनी फिरवावा. विळीचं पातं उभं घट्ट असतं, तिथे दगडच फिरवायचा, आणि बोटं धारेच्या मागे. दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडाही वेळ निभावते. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याला मात्र पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. घर्षणाने धार निळी पडली की तिचं पाणी उतरलं म्हणून समजा. आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर कधीच चिरू नका, लाकडी पाट घ्या.

गंजक्या पात्याने कापलं तर धनुर्वात होतो म्हणतात. धनुर्वाताचे जंतू माती-शेणातून येतात, गंजातून नव्हे. स्वच्छ चकचकीत सुरीनेही खोल कापलं तर जखम धुवून डॉक्टरांना दाखवा आणि इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते सांगा.

गुडघे दुखतात, खाली बसवत नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी विळी टाकायला नको. घिसाड्याकडूनच ओट्यावर चालेल अशी लाकडी मुठीची सुरी करून घ्या. "पाट्याची कर, पाणी नीट दे" एवढं सांगितलं की त्याला कळतं. भाव करा, पण फार ताणू नका. अर्धा दिवस दोघं राबतात. ज्यांच्या घरी पुसण्याची शिस्त जमणारच नाही, त्यांनी खुशाल स्टेनलेस वापरावं, त्यात कमीपणा नाही.

नवं पातं आणलं की गरम पाण्याने, साबणाने धुऊन आधी दोन-तीन बटाटे चिरून टाकून द्या. पहिले काही दिवस वांगी, आवळे काळे पडतील, चवीला लोखंडही लागेल. तोवर पाहुण्यांसाठी कैरीची चटणी त्याने करू नका. आणि खंडेनवमीला पूजेत मांडायचं असेल, तर हळद-कुंकू वाहून झाल्यावर संध्याकाळी पुसून ठेवा. कुंकवाच्या ओलाव्याखालीही रात्रीतून गंज धरतो.