ऋतू आणि घर – लेखांक ७ : कूलरच्या खिडकीतली थंडी

परवा सकाळी सहाच्या सुमारास पिपरी मेघेत ओळखीच्या एका काकूंकडे गेलो. स्वेटरवर शाल, कानाला स्कार्फ. "लय थंडी वाजून रायली बाप्पा!" दारं-खिडक्या गच्च लावलेल्या, तरी पडदा हलत होता. बाजूला सारला, तर मागे कूलर! उन्हाळ्यात बसवला तो तिथेच. वाळलेल्या ताट्यांमधून वारा सरळ आत.

वर्धेकडची घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, त्याला इलाज काय? पण समुद्र इथून लांब आणि हवा कोरडी. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की जमिनीने आणि स्लॅबने दिवसभर घेतलेली ऊब रात्री आभाळात निघून जाते. उत्तरेचा वारा सुटला की मग विचारूच नका. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर आला होता.

कूलर काढणं जमत नसेल तर त्यावर बाहेरून ताडपत्री टाका, आतून जुनी चादर ताणून बांधा. टिनाचं घर तर संध्याकाळीच गार पडतं. तिथे टिनाखाली वीतभर जागा सोडून जुन्या लुगड्याचं छत बांधलं तरी फरक पडतो. मधली हवा ऊब धरते. कापसाचंही तेच. कापूस काही मुळात गरम नसतो, तंतूंमध्ये अडकलेली हवा गरम राहते. म्हणून दबून पापड झालेल्या गादीवर दोन ब्लँकेटं घेऊनही पाठ गारच. कापसाच्या जिल्ह्यात राहून गादी वर्षानुवर्षं पिंजून न घेणं मला तरी पटत नाही. फरशीवर झोपणाऱ्यांनी खाली आधी सतरंजी नाहीतर पोतं टाकावं.

आता उलटी गोष्ट. सगळ्याच फटी बुजवायच्या नसतात. अंगणात पऱ्हाट्यांची शेकोटी झाली की उरलेले निखारे घमेल्यात घालून खोलीत आणायची सवय अनेक घरांत आहे. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं वाटतं. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. बाथरूममधला गॅस गिझरही याच जातीचा. तिथला झरोका थंडी येते म्हणून पुठ्ठ्याने बंद करू नका. गिझर तर बाहेर बसवलेलाच बरा. डोकं जड झालं, मळमळलं, की आधी मोकळ्या हवेत या, कारण नंतर शोधा.

काकूंनी दुपारीच ताडपत्री काढली. कूलर उघडला, तर आत खारीचं घरटं, आणि त्यात कूलरच्याच ताट्यांचं कुरतडलेलं गवत भरलेलं. ताडपत्री पुन्हा माळ्यावर गेली. चादर मात्र आतून घट्ट बांधली आहे.