वेबसाइट हॅक झाली तर?

शिवणकाम, मसाले, मेहंदी अशा घरगुती व्यवसायाची वेबसाइट आज अनेक भगिनी चालवतात. तिथे अचानक परक्याच जाहिराती दिसू लागल्या, तर घाबरून सगळे पुसू नका. तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट घ्या, होस्टिंग कंपनीला कळवून साइट तात्पुरती बंद करा. ग्राहकांना लगेच सावध करा. लपवल्याने त्यांचे पैसे आणि आपला विश्वास दोन्ही जातात. मग सुरक्षित संगणकावरून ईमेलसह सर्व पासवर्ड बदला, आधीचा स्वच्छ बॅकअप चढवा, वर्डप्रेस व प्लगइन अपडेट करा. नाहीतर चोर त्याच वाटेने परत येतो. कुणाचे पैसे गेले असल्यास तातडीने १९३० वर फोन करा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार हा गुन्हा आहे. तक्रार करायला संकोच नको. शरम चोराला वाटावी, आपल्याला नव्हे.