सोळा मिलिमीटरचे सोळा आणे

खजुरीच्या आमच्या घरात ओसरीवर काकांचा एक फोटो आहे. अंगात खाकी शर्ट, चेहऱ्यावर फोटो काढताना येतो तसा अवघडलेला भाव, आणि एक हात प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटवर. गाडी खाली काळी, वर पिवळी. काका मुंबईला टॅक्सीवर होते. आमचं गाव आळंद तालुक्यातलं, म्हणजे कर्नाटकातलं; पण उमरग्याची वाट धरली की थोड्याच वेळात महाराष्ट्र लागतो. पाट्या कन्नड, घरात मराठी, बाजारात दोन्ही. तसंच पोटासाठी कुणी कलबुर्गीला जातं, कुणी सोलापूरला, कुणी थेट मुंबईला.

गेल्या उन्हाळ्यात भाचा पुण्याहून आला तो प्लास्टिकच्या ठोकळ्यांची भलीमोठी पिशवी घेऊन. फोटोकडे बघून म्हणाला, "मामा, आजोबांची गाडी करू या. अगदी मापात." मला वाटलं, दोन दुपारींचं काम. तीन आठवडे गेले, आणि मला कळलं की या ठोकळ्यांच्या पोटात एक हिशोब दडलेला आहे. तो इतका देखणा आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी ठोकळा हातात घ्या. डोक्यावर बटणं आहेत, त्यांना स्टड म्हणतात. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत बरोबर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची, वरचं बटण सोडून, ९.६ मिलिमीटर. चपट्या तुकड्याला प्लेट म्हणतात, ती ३.२ मिलिमीटर जाड, म्हणजे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. या साऱ्याचं मूळ डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात. ओले कर्क क्रिस्तियानसन नावाचा सुतार १९३२ साली तिथं लाकडी खेळणी करू लागला आणि त्यातून लेगो कंपनी उभी राहिली. प्लास्टिकचे ठोकळे पुढे आले, पण आतून पोकळ असल्यामुळे ते एकमेकांना धड धरत नसत. त्याचा मुलगा गोटफ्रेड याने ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवल्या. आता खालच्या ठोकळ्याचं बटण वरच्याच्या नळीत आणि भिंतीत चिमटीत धरल्यासारखं अडकू लागलं. या युक्तीच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. त्या साली निघालेला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. घरातल्या जुन्या डब्याला नवं झाकण बसत नाही, तिथं हे!

बसतो कारण साच्याची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास राखलेली असते. इथून जवळच्या बीदरचे बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर छिन्नीने खाच पाडतात आणि तीत चांदीची तार ठोकून बसवतात. चांदी मऊ, ती खाचेच्या आकाराशी जुळवून घेते. प्लास्टिक तेवढं मनमिळाऊ नाही. घट्ट झालं तर मुलाच्या बोटांना निघत नाही, सैल झालं तर पडतं. आणि पक्क्या शौकिनांचा दंडक असा, की तुकडा कापायचा नाही, तासायचा नाही, डिंक लावायचा नाही.

आता गाडी. पद्मिनी म्हणजे मुळातली इटलीची फियाट ११०० डिलाइट. ती कुर्ल्याला बांधली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने, आणि ही कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आमच्या शेजारच्या सोलापूरचे. (सोलापूरकर ही गोष्ट सांगायची सहसा सोडत नाहीत, आणि का सोडावी?) तिच्याआधीच्या गोलमटोल फियाटला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत, ही नवी त्या मानाने चौकोनी, मागे दोन लहानसे पंख काढलेली. १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. लांबी ३.९३ मीटर, रुंदी सुमारे १.४६, उंची जवळजवळ तेवढीच.

"मामा, ही तर जेवढी रुंद तेवढीच उंच आहे की!" भाच्याने आकडे बघितल्याबरोबर ओरडून सांगितलं. माझ्या लक्षात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. समोरून बघितली तर पद्मिनी हा जवळपास चौरस आहे. म्हणून ती तशी दिसते, थोडी पोक्त, थोडी ताठ, नऊवारी नेसून उभ्या असलेल्या आजीसारखी.

मापात करायची म्हणजे आधी प्रमाण ठरवायचं. इथं दुकानातल्या कारागिराला नसलेली अडचण येते: आपण प्रमाण निवडत नाही, ते आपल्याला चाक देतं. बाकी सगळं तुकड्यांतून जुळवता येतं, पण टायर कारखान्यातून जेवढा आला तेवढाच. पद्मिनीचं चाक चौदा इंची रिमचं, टायरसकट साधारण ६० सेंटिमीटर. पिशवीत २६ मिलिमीटरच्या आसपासचे चार टायर होते. म्हणजे सुमारे तेवीसाला एक. बरोबर आठ स्टड रुंदी धरली, म्हणजे ६४ मिलिमीटर, तर प्रमाण येतं २२.८ ला एक. उंची काढली: तीही ६४ मिलिमीटर, नेमक्या वीस प्लेटा. पुढचे गोल दिवे सुमारे सात इंची. ते येतात आठ मिलिमीटरला लागून, म्हणजे एका बटणाएवढी गोल टिकली. ती पिशवीत होतीच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

पण माझा खरा आनंद वेगळाच होता. या प्रमाणात एक प्लेट खऱ्या गाडीवर किती होते? ७.३ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं. आणि पुरा ठोकळा? जवळजवळ २२ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. बारा बोटांची वीत हे आपलं जुनं माप. चार-चार बोटांच्या तीन प्लेटा म्हणजे बारा बोटं. माझी आजी दाराची चौकट याच मापांनी मोजायची. फुटपट्टी बाजूला ठेवून मी फोटोतल्या गाडीची बोटं मोजू लागलो.

आता खरा पेच. ठोकळे वरच्या दिशेनेच रचत गेलं तर गाडी पायऱ्यांची होते, घाटाला चाकं लावल्यासारखी. आणि वर सगळीकडे बटणं. टपावरचं एकेक बटण या प्रमाणात चार सेंटिमीटर उंचीचं टेंगूळ! टपावर टाइल बसवून, म्हणजे बटण नसलेली गुळगुळीत प्लेट लावून, ते झाकता येतं. पण दारं, मडगार्ड, बॉनेटची बाजू? तिथं प्लेट आडवी न ठेवता उभी लावावी लागते, बटण आकाशाकडे न करता रस्त्याकडे करून. ठोकळा कुशीवर झोपवायचा. आणि कुशीवर झोपलेली मापं उभ्या मापांशी जुळतील कशी? एकीकडे ८, दुसरीकडे ३.२.

पाच प्लेटा एकावर एक ठेवा: पाच गुणिले ३.२, सोळा. दोन स्टड शेजारी ठेवा: दोन गुणिले आठ, सोळा.

सोळा मिलिमीटरवर उभं आणि आडवं एकत्र येतं. सोळा आणे. त्या दुपारी मला हे सापडलं तेव्हा मी खरोखरच मोठ्याने 'सोळा आणे!' म्हणालो, आणि भाच्याला रुपयात सोळा आणे असत इथपासून समजवावं लागलं. पण गोष्ट इथं थांबत नाही. या सगळ्या मापांच्या तळाशी एकच नाणं आहे, १.६ मिलिमीटर. प्लेट म्हणजे अशी दोन, स्टड म्हणजे पाच, ठोकळा म्हणजे सहा. खऱ्या गाडीवर हे नाणं म्हणजे दोन बोटं.

हे नाणं प्रत्यक्ष चालतं ते असं. आमच्या गाडीचा आतला सांगाडा सहा स्टड रुंद. दोन्ही बाजूंना एकेक स्टड, म्हणजे आठ-आठ मिलिमीटर, दारांच्या पत्र्यासाठी उरले. तिथं उभ्या प्लेटा लावायच्या तर आठ भागिले ३.२, म्हणजे अडीच प्लेटा. अर्धी प्लेट कुठून आणायची? तर ब्रॅकेट नावाचा काटकोनी तुकडा असतो, घरातल्या फळीखालच्या पट्टीसारखा, आणि त्याची उभी बाजू बरोबर अर्ध्या प्लेटेएवढी जाड असते. १.६ ब्रॅकेटचे, ३.२ प्लेटचे, ३.२ वरून लावलेल्या टाइलचे. झाले आठ. दार सांगाड्याला असं चिकटून बसलं की मधून नखही जाईना. हेडलाइट ब्रिक नावाच्या छोट्या ठोकळ्यातही हीच अर्धी प्लेट लपवलेली आहे: त्याचं बाजूचं बटण १.६ मिलिमीटर आत खोबणीत बसवलंय. एर्लिंग डिडेरिक्सन या डिझायनरने तो केला म्हणून जगभरचे शौकीन त्याला एर्लिंगचा ठोकळा म्हणतात. दिवा बसवण्यासाठी केलेला हा ठोकळा आज भिंती, खिडक्या, जाळ्या, सगळीकडे शिरलाय.

अजून एक फसगत सांगतो. आठ ही सम संख्या, तिला मधलं बटण नसतं. गाडीला मात्र नाक असतं, बरोबर मध्ये. त्यासाठी दोन स्टडच्या प्लेटवर मधोमध एकच बटण असलेला तुकडा मिळतो; तो सगळं चार मिलिमीटर सरकवतो. आमचं बॉनेट त्या एका तुकड्यावर सरळ झालं.

सगळंच बसतं असं मात्र नाही. दोन स्टडांमधली फट ३.२ मिलिमीटर आणि प्लेटची जाडीही ३.२. कागदावर प्लेट त्या फटीत उभी बसायलाच हवी. प्रत्यक्षात ती कुरकुरत बसते, बटणांवर ताण येतो. कंपनीचे डिझायनर अशा जोडणीला नियमाबाहेरची मानतात. भाच्याने बंपरसाठी ती केली होती. मी पंचायतीच्या सुरात ती नामंजूर केली.

टपावरच्या कॅरिअरवर आमचं भांडण झालं. काकांच्या टॅक्सीवर सामानाचा लोखंडी कॅरिअर होता. ठोकळ्यांच्या दुनियेतली बारीक दांडी ३.२ मिलिमीटरची, म्हणजे मापाने ती चार बोटं जाडीचा पाइप होते. इतका जाड कॅरिअर टॅक्सीवर नव्हे, ट्रकवरसुद्धा नसतो. माप म्हणतं काढून टाका. पण काढून टाकला की गाडी टॅक्सी राहत नाही, नुसती कुणाच्या तरी मालकीची फियाट होते. आम्ही तो ठेवला. काचेपाशी बाहेर लावलेला मीटर मात्र एका स्टडच्या ठोकळ्यात चोख बसला. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा सोडून दिला. त्याच जाडीच्या हिशोबाने तो मुसळ झाला असता. ड्रायव्हरही नाही. लेगोचा माणूस चार सेंटिमीटर उंच आणि दोन स्टड रुंद. या गाडीत तो बसला तर उंचीने तीन-साडेतीन फुटांचा पोर आणि रुंदीने पैलवान.

या वेडाला सीमा नाही हेही सांगायला हवं. आठ बटणांचे, म्हणजे दोन बाय चारचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे किती तऱ्हांनी जोडता येतील? डॅनिश गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाला मोजायला लावलं: ९१,५१,०३,७६५. एक्क्याण्णव कोटींच्या वर, फक्त सहा ठोकळ्यांत. २०१८ साली लेगोच्या लोकांनी बुगाटी शिरॉन ही मोटार पूर्ण आकारात बांधली, दहा लाखांहून अधिक तुकड्यांची, जोडणीला डिंक न वापरता. आत दोन हजार तीनशेवर खेळण्यातल्या मोटरी, आणि त्या सगळ्यांची मिळून ताकद ५.३ अश्वशक्ती. आमच्याकडे तुरीच्या शेतात विहिरीवर पाच एचपीची मोटर असते, साधारण तेवढीच. पण दीड टनाची ती गाडी माणूस बसवून ताशी वीस किलोमीटरच्या वर पळाली.

ज्यांच्याकडे पिशवी नाही त्यांचीही सोय आहे. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये एलड्रॉ नावाची संगणकप्रणाली केली, ज्यात ठोकळे पडद्यावर रचता येतात. त्याने घेतलेलं एकक ०.४ मिलिमीटरचं: स्टड वीस, ठोकळा चोवीस, प्लेट आठ. अपूर्णांक संपले. पुढे दोनच वर्षांत तो वारला, पण आजही जगभरचे लोक त्याच्या एककात गाड्या आखतात. आम्हीही आखली, भाच्याच्या लॅपटॉपवर, वीज असेल तेव्हा.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. काकांनी आपली त्याच्या कितीतरी आधी विकली होती.

आमची आता फोटोखालच्या फळीवर उभी आहे. लांबी २१.५ स्टड यायला हवी होती, आम्ही २२ घेतली. त्यामुळे ती खऱ्या गाडीच्या मानाने वीतभरातली पाच बोटं तरी लांब झाली असेल. काकांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली. मग मागच्या पंखावर बोट ठेवून म्हणाले, "इथं एक पोचा होता."

टपासाठी पिवळ्या टाइली कमी पडल्या. दसऱ्याला येताना आणतो म्हणून भाचा पुण्याला गेलाय. तोवर कॅरिअरच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, चार-चार सेंटिमीटरची दोन टेंगळं उघडीच आहेत.