गाण्याचे बोल आणि खताचा हिशेब



लागण असो, भांगलण असो की तोडणी, हल्ली गाण्याशिवाय रान क्वचितच दिसते. पूर्वी बांधावर ट्रान्झिस्टर असायचा, आता खिशात मोबाईल असतो. गाण्याला आमचा विरोध नाही. पण कोणत्या कामाला गाणे चालते आणि कोणत्या कामात ते घात करते, एवढे समजून घेतले तर खता-औषधाचे पैसे वाचतील, आणि वेळप्रसंगी जीवही वाचेल.

आपल्याकडे गाणे आणि काम हे जुने सोबती. जात्यावर ओवी, मोटेवर गाणे, खुरपणी-कापणीला भलरी. ही सारी कामे एकसुरी. एकच हालचाल शेकडो वेळा करायची. तिथे ठेका हाताला लय देतो, कंटाळा जातो, पात सरळ पुढे सरकते. शिवाय गाणारा स्वतःच काम करणारा. बैल अडला की गाणे आपोआप थांबायचे. मोबाईल आपल्यासाठी थांबत नाही, हा मोठा फरक आहे.

विलायतेतही हा विचार झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, बीबीसीने कारखान्यांतल्या कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. तो १९६७ पर्यंत चालला. त्यात मुख्य भर वाद्यसंगीतावर होता, बोलांवर नव्हता.

असे का, ते आपल्याच हिशेबावरून पाहू. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातला ४० टक्के हप्ता द्यायचा, म्हणजे ६४ किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून युरिया लागला सुमारे १३९ किलो. पूर्वी पोते ५० किलोचे होते, २०१८ पासून ते ४५ किलोचे झाले. तेव्हा तीन पोती आणि वर चार किलो.

हे आकडे लक्षात ठेवताना आपण काय करतो? तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. मन आकडा असा घोळवूनच धरून ठेवते. नेमके त्याच वेळी गाण्याचे शब्द कानावर आले, तर तेही त्याच वाटेने आत शिरतात. दार एक आणि शिरणारे दोन! मग आकडा निसटतो. नुसत्या सुरावटीने एवढी गर्दी होत नाही.

स्मरणशक्तीची ही मांडणी बॅडली आणि हिच या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९७४ साली केली. पुढे सालामे व बॅडली यांचे प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाले. आकडे क्रमाने आठवून सांगताना वाद्यसंगीतापेक्षा बोलांच्या गाण्याने जास्त चुका झाल्या. अमेरिकेत १९७६ सालच्या एका प्रयोगात तर न कळणाऱ्या भाषेतले बोलणे कानावर पडूनही स्मरणात घट दिसली. म्हणजे 'गाण्याकडे आमचे लक्षच नव्हते' हे म्हणणे पुरेसे नाही. कान बंद होत नाहीत.

तेव्हा सभासदांनी एवढे पाळावे :

१. भांगलण, पाचट पसरणे, बेणे वाहणे अशा कामाला गाणे खुशाल लावा.

२. खताचे वजन, तणनाशकाचे माप, पंपांची मोजणी आणि मजुरांचा हिशेब चालू असताना गाणे बंद ठेवा. डब्यावरचे माप वाचून होईपर्यंत दुसरे काही नको. मोजलेला आकडा लगेच वहीत टिपा.

३. वजनकाट्यावर पावतीवरचे नाव, गट नंबर व वजन शांतपणे वाचूनच खिशात घाला.

४. उसाने भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लावू नका. मागच्या गाडीचा हॉर्न आणि ट्रॉलीचा बदललेला आवाज ऐकू आलाच पाहिजे. वाहनमालक सभासदांनी आपल्या ड्रायव्हरला हे बजावून सांगावे.

५. घरात मूल अभ्यासाला बसले असेल तर तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाईलची गाणी बंद ठेवा. वाचन-पाठांतरालाही हाच नियम लागू आहे.

एका हप्त्यात एक पोते चुकले तर चाळीस-पंचेचाळीस किलो युरिया कमी-जास्त पडतो. कमी पडला तर फुटवे मार खातात, जास्त पडला तर पैसा वाया जातो. मोजणी संपली की गाणे पुन्हा लावा. त्याला कोणाची ना नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी